विजयादशमीला खाली न आलेलं प्रेस

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. बहुतेक वेळा वाचून झालं की हसतो आणि बायकोला म्हणतो, "घ्या, अजून एकाला पिंपळावर कोणीतरी दिसलं." मी मुळात त्यातला नाहीच. घरी सत्यनारायण असला तर प्रसादाच्या वेळी उगवणारा माणूस मी. मांजर आडवं गेलं तर गाडीचा ब्रेक मांजरासाठी दाबतो, शकुनासाठी नाही. त्यामुळे आज मी इथे लिहायला बसलोय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. भूत वगैरे काही नाही यात, आधीच सांगतो. जे झालं ते भर सकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात, पन्नासएक माणसांसमोर झालं. आणि तरीही...

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही तेव्हा चेन्नईत होतो. घर वेलचेरीला, दुसऱ्या मजल्यावर (तळमजला घ्यायचा नाही हे तिथे राहिल्यावर एका पावसात कळतं), आणि ऑफिस अड्यारला. छोटी कंपनी होती. कारखान्यांतल्या जुन्या यंत्रांना नवे कंट्रोलर बसवायचे आणि त्यांचं सॉफ्टवेअर लिहायचं हे आमचं काम.

आमचं एक मोठं गिऱ्हाईक चेन्नईबाहेरच्या इरुंगाट्टुकोट्टैला होतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. नाव घेत नाही. तिथल्या एका जुन्या प्रेसला आम्ही कंट्रोलर बसवला होता. प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारं यंत्र. खाली साचा, वर साचा, वरचा खाली येतो आणि पत्रा दाबतो. दोन्ही साच्यांच्या मध्ये माणसाचा हात जातो, पत्रा ठेवायला आणि काढायला. म्हणून समोर काचेच्या पट्ट्या बसवलेले दोन खांब होते आणि त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात आत गेला की किरण तुटतात आणि प्रेस जागच्या जागी थांबतं.

पण हा पडदाच बिघडलेला असला तर? त्यासाठी सॉफ्टवेअर सुरू होताना सगळ्यात आधी पडदा नीट काम करतोय का हे तपासायचं. तपासणी फसली की प्रेस सुरूच होऊ द्यायचं नाही. लाल दिवा लावायचा, बटणांच्या पाटीवर अक्षरांत कारण दाखवायचं आणि गप्प बसायचं. हे फार महत्त्वाचं, कारण सुरू झाल्याबरोबर प्रेस आपली जागा शोधायला आपोआप एकदा सावकाश खाली जाऊन वर येतं. सावकाश म्हणजे बघायला सावकाश. जोर तोच, काही टनांचा.

ही तपासणी माधवरावांनी लिहिली होती. आमच्या ऑफिसातले सगळ्यात ज्येष्ठ. मूळ तंजावरचे मराठी. पिढ्यान्पिढ्या तिकडेच, त्यामुळे त्यांची मराठी ऐकताना मला एखादी जुनी बखर तमिळ चालीवर कोणी वाचतंय असं वाटायचं. मी मूळचा नाशिकचा. ते मला चिडवायचे, "तुम्ही नवे मराठे. आम्ही जुने." मी म्हणायचो, "माधवराव, तुम्ही आमटीऐवजी सांबार खाता, तुम्हाला मराठे कोण म्हणणार?" त्यावर ते, "सांबार आम्हींच काढिलें, ठाऊक आहे कां?" असं दरवेळी ठणकावून सांगायचे.

आता तिकडची एक पद्धत सांगायला हवी. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा होते, तशी तमिळनाडूत आदल्या दिवशी आयुधपूजा. प्रत्येक कारखाना, गॅरेज, अगदी कोपऱ्यावरचा झेरॉक्सवालाही आपलं यंत्र धुऊन-पुसून त्याची पूजा करतो. यंत्राला चंदनाचे पट्टे, त्यावर कुंकवाचा ठिपका, झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. मग यंत्रं बंद. त्यांनाही सुट्टी. विजयादशमीच्या सकाळी ती पुन्हा सुरू करायची.

आमचा कंट्रोलर बसवल्यानंतरच्या पहिल्याच विजयादशमीला फोन आला. प्रेस सुरू होत नाही. उत्पादनाचे मॅनेजर नटराजन, स्वभावाने तापट, फोनवर ओरडत होते. माधवराव गाडी करून गेले. दुपारी परत आले ते हसतच.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"पडद्याच्या कांचेवर चंदन! दोन्हीं खांबांस तीन-तीन पट्टे आणि मध्यें कुंकूं. बिचाऱ्यास दिसेना, म्हणून बसून राहिलें. मी रुमाल काढिला, पुसलें, झालें."

माधवराव हसले, पण नटराजन हसले नाहीत. सकाळची अख्खी पाळी वाया गेली होती. त्यांनी आमच्या बॉसला सांगितलं की तपासणी फसली तर नुसती सूचना द्या, यंत्र अडवू नका. बॉसने माधवरावांना बोलावलं. मी तिथेच होतो. माधवराव म्हणाले, "नाहीं सार. झोंपेतून उठल्यावर आपले डोळे आहेत कीं नाहींत हें ज्यास कळत नाहीं, त्यानें हात हलवूं नये." आणि उठून गेले.

मग बॉसने माझ्याकडे बघितलं.

माधवराव मुलीच्या लग्नासाठी तंजावरला गेले तेव्हा मी ते केलं. फार काम नव्हतं. तपासणी फसली की थांबायचं, त्याऐवजी पुढे जायचं. लाल दिव्याचा भाग काढला. पाटीवरचा माधवरावांचा मजकूर, 'तपासणी झाली नाही, मशीन थांबवून ठेवलं आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं, तेही पुसून टाकलं. त्या जागी नुसतं 'सूचना' एवढाच शब्द. मनाशी म्हटलं, तात्पुरतं आहे. माधवराव आले की बोलू. माधवराव आले, पेढे वाटले, काही महिन्यांनी निवृत्त होऊन तंजावरला गेले. मी बोललो नाही. बोलायचं राहून गेलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. मी टाळलं.

त्यानंतरच्या विजयादशमीला नटराजनांनी मला पाहुणा म्हणून बोलावलं. यंत्र सुरू करायचं बटण माझ्या हातून दाबायचं होतं. त्या सकाळी कामगारांच्या घरचेही येतात. नव्या साड्या, मोगऱ्याचा वास, चुरमुऱ्यांच्या पिशव्या, फाटकाशी फोडलेला कुंकू घातलेला कोहळा... एरवी तेलाचा वास मारणारा तो शेड लग्नघरासारखा झाला होता.

प्रेसवर सेल्वम नावाचा ऑपरेटर होता. तिशीचा, काटक, बोलका. त्याने माझी ओळख त्याच्या बायकोशी करून दिली. अमुदा तिचं नाव. "सार मुंबईचे," तो म्हणाला. तिकडे महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस मुंबईचा. मग त्याने अभिमानाने प्रेस दाखवलं. दोन्ही खांबांना चंदनाचे पट्टे आणि वर टपोरं कुंकू.

"अरे सेल्वम, काचेवर लावू नका म्हणून गेल्या वर्षी सांगितलं होतं ना?" मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हणालो.

"सार, सगळ्या अंगाला लावायचं आणि डोळ्यांना सोडायचं? राग नाही येणार त्याला?"

अमुदा म्हणाली, "मला सकाळी पोट्टू लावायला वेळ मिळाला नाही, ते ह्यांना दिसलं नाही. यंत्राचं मात्र बघा!" सगळे हसले. पोट्टू म्हणजे टिकली.

मी खिशातून रुमाल काढला. तेवढ्यात नटराजन मागून आले. "राहू द्या हो जोशी सार! सणाचा दिवस, चंदन कशाला पुसता? तुमचं नवं सॉफ्टवेअर आहे ना, ते आता अडत नाही."

आणि मी रुमाल खिशात ठेवला. पुसायला किती वेळ लागला असता? पण इतक्या लोकांसमोर 'नाही, पुसायलाच हवं' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का? आणि मग सगळं सांगावं लागलं असतं.

गुरुक्कळ, म्हणजे तिथले पुजारी, त्यांनी कापूर ओवाळला. घंटा थांबली. ते म्हणाले, "हं, आता सुरू करा." मी बटणांच्या पाटीसमोर उभा होतो. पाटी प्रेसच्या एका अंगाला होती आणि पाटी आणि प्रेसचं तोंड यांच्या मध्ये केळीचा खुंट बांधलेला. पलीकडचं मला काही दिसत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी बटण दाबलं.

पंपाचा आवाज आला. तो नेहमी येतो. मग झडप उघडल्याचा एक 'टक' आवाज यायला हवा, आणि मग वरचा साचा हलतो. मी वाट पाहिली. टक झालं नाही. डोक्यावरचा लाल दिवा लागला.

मला आधी काही वाटलंच नाही. लाल दिवा लागला, म्हणजे तपासणी फसली, म्हणजे चंदन. इतकं सरळ. आणि मग एकदम लक्षात आलं की तो दिवा लावायचा भाग या यंत्रात नाहीच. मी स्वतः काढलाय.

तेवढ्यात अमुदा किंचाळली.

मी केळ बाजूला करून पलीकडे गेलो. सेल्वम खांद्यापर्यंत प्रेसच्या आत होता. पूजेच्या वेळी त्यांनी खालच्या साच्यावर समई ठेवली होती. यंत्र सुरू करायचं म्हटल्यावर ती काढायला तो वाकला होता. मी बटण दाबायच्या आत निघेल असं त्याला वाटलं असणार. तो समई घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. "एन्न? काय झालं?"

नटराजनांनी पाटीवरचा मजकूर मोठ्याने वाचला. इंग्रजीत. तपासणी झाली नाही, मशीन थांबवून ठेवलं आहे. शब्दन् शब्द माधवरावांचा.

मीही वाचला. मी तिथून हात-दीड हात लांब होतो. मला चष्मा आहे, पण तो डोळ्यांवर होता.

पुढचं सांगायला मला अजूनही जड जातं. नटराजन आधी पांढरे पडले, मग त्यांना एकदम उत्साह आला. "पाहिलंत? माणूस आत होता, तर थांबलं! याला म्हणतात सॉफ्टवेअर!" त्यांनी यंत्राच्या गळ्यातली एक माळ काढून माझ्या गळ्यात घातली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. अमुदा रडत रडत माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. आणि मी... मी "परवायिल्ले, परवायिल्ले" म्हणत राहिलो. म्हणजे असू दे, असू दे.

सगळे जेवायला गेले. मी म्हटलं, मी जरा तपासून येतो. लॅपटॉप जोडला. यंत्रात कोणतं सॉफ्टवेअर आहे ते काढून पाहिलं. माझंच होतं. तपासणी फसली की पुढे जाणारं. लाल दिव्याला हुकूम देणारी एकही ओळ नाही. माधवरावांचं ते वाक्य शोधलं. नाही. अर्ध्या शब्दावर शोधलं. नाही. म्हटलं, जुन्या सॉफ्टवेअरची चिप राहून गेली असेल कुठेतरी. कंट्रोलरची पेटी उघडली. चिप एकच, तिच्यावर माझ्याच अक्षरातलं लेबल.

मग मी एक गोष्ट केली. खोक्याची एक फळी साच्यांच्या मध्ये ठेवली. चंदन तसंच होतं. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं.

पंप. टक. वरचा साचा सावकाश खाली आला आणि फळीचे दोन तुकडे करून वर गेला. लाल दिवा लागला नाही. पाटीवर नुसतं 'सूचना'.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. आणखी एकदा. दर वेळी तुकडे काढून समोर टाकले.

मागे वळलो तर सेल्वम उभा होता. माझ्यासाठी केळीच्या पानावर सुंडल, म्हणजे तिकडची हरभऱ्याची उसळ, आणि पोंगल घेऊन आला होता. तो किती वेळ उभा होता मला माहीत नाही.

"सार," तो म्हणाला, "आता कसं आलं खाली?"

मी सांगितलं. माझं तमिळ बाजारहाटापुरतं, त्यात ही गोष्ट कशी सांगणार? अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवारे करून. की मी ते काढून टाकलं होतं. की चंदन असलं तरी ते खाली यायला हवं होतं. की मगाशी ते का आलं नाही, मला माहीत नाही. तो ऐकत होता. मग त्याने पान टेबलावर ठेवलं, समोर पडलेला फळीचा एक तुकडा उचलला, उलटसुलट करून बघितला आणि निघून गेला.

त्याच दुपारी मी जुनी तपासणी परत बसवली. कोणाला विचारलं नाही. चंदन पुसलं, यंत्र सुरू झालं. नटराजनांना खरं काय ते सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसायचे थांबले. बॉसने दुसऱ्या दिवशी मला आत बोलावून बरंच ऐकवलं. ते सोडून देतो.

संध्याकाळी तंजावरला फोन लावला. माधवरावांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, त्यांच्या पाठीमागे काय केलं तेही. मधेच लाइन खरखरली.

"माधवराव? आहात ना?"

"आहें. तुम्हीं माझें वाक्य पुसलेंत?"

"हो."

"मग तेथें लिहिलें कोणीं?"

"तेच तुम्हाला विचारतोय."

"मज काय विचारतां? मी घरीं बसून भाजी निवडत होतों. मांत्रिक आहें कां मी?" मग म्हणाले, "आधीं त्या माणसास हात आहे, हें बरें झालें. बाकीचें मागून पाहूं." आणि त्यांनी फोन ठेवला. नंतर आम्ही कितीतरी वेळा बोललो, पण हा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

गेल्या इतक्या वर्षांत मी सगळे पर्याय घासून पाहिले आहेत. विजेचा झटका येऊन मधेच अडकलं असेल? मग लाल दिवा कसा? समजा दिव्याची तार कुठेतरी टेकली. मग वाक्य कसं? आम्हा दोघांना भास झाला? नटराजनांना ते वाक्य शब्दन् शब्द आठवणं शक्य नव्हतं, आणि वाचलं आधी त्यांनी. एका मित्राने सुचवलं की कंट्रोलरच्या मेमरीत जुन्या सॉफ्टवेअरचा अंश राहिला असेल. मी म्हटलं, चल, मान्य. मग तो अंश नंतर तीनदा फळी मोडताना कुठे गेला? तो म्हणाला, "तुझंच काहीतरी चुकत असेल." असेल. माझं चुकतं, हे मला माहीत आहे. पण या बाबतीत काय चुकतंय ते सापडत नाही. बायकोचं म्हणणं, देवाने वाचवलं, हात जोड आणि सोडून दे. मला तेही जमत नाही. जोडायला गेलं की टेबलावरचं ते पान आठवतं.

नंतर एकदा कामासाठी तिकडे गेलो तेव्हा प्रेसवर दुसरा माणूस होता. सेल्वमने स्वतःहून मागून स्टोअरमध्ये बदली करून घेतली होती. मी भेटायला गेलो. तो बाहेर आला, आम्ही फाटकाशी चहाच्या टपरीवर उभे राहिलो. पूर्वीसारखा बोलत नव्हता. यंत्र का थांबलं, हे त्याने एकदाही विचारलं नाही. मीच सांगत होतो की अजून काही कळलं नाही, शोधतोय.

त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "ते असू दे सार. ते खाली आलं असतं, तर तुम्ही लोकांना काय सांगितलं असतं?"

मी चहाचे सुटे पैसे शोधायला खिशात हात घातला. तो पेला ठेवून आत गेला.

प्रेस का थांबलं ते मला आजही माहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणी या धंद्यातलं असेल आणि काही सुचलं, तर जरूर लिहा, मी मनापासून वाट बघेन. पण सेल्वमने जे विचारलं, त्याचं उत्तर मला तिथे टपरीवर उभं असतानाच माहीत होतं. मी सांगितलं असतं, चंदन लावल्यामुळे झालं.